दोड्डप्पांचे चार सेल

हे लिहिण्याचा मला खरं तर काही अधिकार नाही, तेव्हा ते आधीच कबूल करून टाकतो. आत्मकथन लिहिणाऱ्यांनी निदान तुरुंग तरी पाहिलेला असतो, नाहीतर निवडणूक तरी हरलेली असते. मी एका कारखान्यात आयुष्यभर मोजमापाची यंत्रं तपासली आणि वेळेवर घरी आलो. शिवाय माझं मराठी बेंगळूरचं. आमचे पूर्वज इकडे आले त्याला इतक्या पिढ्या झाल्या की आमच्या भाषेत कन्नड कुठं शिरलं हे आता कुणाला दाखवता येणार नाही. माझी सून पुण्याची. माझं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याची तिला शेवटच्या शब्दापर्यंत खात्री नसते. ही वही तिनंच आणून दिली. "लिहून काढा ना अप्पा, आम्ही वाचू," म्हणाली. लिहीत असेन तेवढा वेळ तरी मी बोलणार नाही, असा तिचा हिशेब असावा, आणि तो चूक नाही. वाचणाऱ्यांनी चुका पोटात घालाव्यात. मोठं असं काही सांगायचं नाही. आमच्या घरातल्या एका रेडिओविषयी आणि त्यात मी केलेल्या एका घोटाळ्याविषयी सांगायचं आहे, इतकंच.

आम्ही तेव्हा देवनहळ्ळीला राहत होतो, किल्ल्याच्या भिंतीजवळ. आता तिकडे विमानं उतरतात आणि शेतांच्या जागी लेआउटच्या पाट्या उभ्या आहेत. तेव्हा चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागा होत्या, पोराच्या डोक्याएवढी फळं लागायची, आणि आमच्या गल्लीत सकाळपासून एकच आवाज असायचा, तो आमच्याच शिलाई मशीनचा. आमचं घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत मशीनवर अण्णा, म्हणजे माझे वडील. काम फार आलं की दुसऱ्या मशीनवर आई. आणि कापायच्या टेबलापाशी, गळ्यात टेप, कानाच्या मागे खडू, असे दोड्डप्पा. वडिलांच्या थोरल्या भावाला काका म्हणायचं सोडून आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं दोड्डप्पा म्हणत असू. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोड्डम्मा लवकर गेल्या होत्या, तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण सुमन, आम्ही त्यांचेच. कापड असो की माणूस, कुठं कापायचं आणि कुठं शिल्लक ठेवायचं हे तेच ठरवत. अण्णांनी त्यांच्यासमोर उभ्या आयुष्यात दोनच शब्द वापरले असतील. एक "हो" आणि दुसरा "सरी", म्हणजे कन्नडमधलं "ठीक".

मी या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. दोड्डप्पांनी मला पाठवलं ते बघण्यासाठी. गिऱ्हाइकानं नवीन कापड आणलं की ते आधी तुकडा भिजवून किती आटतं ते बघत. तसा मी भिजवलेला तुकडा होतो. बी.एस्सी.चं माझं एक वर्ष झालं होतं. जयनगरला एका लांबच्या नातेवाइकांच्या मागच्या खोलीत राहायचो आणि सुट्टीत घरी यायचो. त्या उन्हाळ्यात सुमन पी.यू.सी., म्हणजे तुमची बारावी, पास झाली, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. तिलाही बी.एस्सी.ला जायचं होतं. तिनं ते एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. दोड्डप्पा म्हणाले, "बघू." आता आमच्या घरातला हा "बघू" नीट समजून घ्यायला हवा. न्हाणीघराच्या छपराला भोक होतं, ते माझ्या जन्माआधीपासून बघूमध्ये होतं. आणि कॉलेजात नाव घालायची मुदत महिनाभरावर आली होती.

रेडिओ फडताळाच्या वरच्या फळीवर असे. त्याच्या कातडी कव्हराची शिवण उसवली तेव्हा दोड्डप्पांनी पोलिसांच्या गणवेशातल्या उरलेल्या खाकी कापडाचं नवीन कव्हर शिवलं होतं, पितळी बटणांसकट. त्यामुळे आमच्या घरात एक हवालदार फळीवर बसून बातम्या देतो असं वाटे. सकाळी कन्नड बातम्या. संध्याकाळी सांगलीकडून येणारं मराठी, जे आमच्यापर्यंत यायचं ते विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं. दोड्डप्पा ते डोळे मिटून ऐकत, आणि कार्यक्रम संपला की दर वेळी एकच मत देत: "हे लोक मराठी चुकीचं बोलतात."

रेडिओला चार सेल लागत, मोठे, जाड. त्यांची आमच्या घरी जी व्यवस्था होती तशी मी पुढे कुठल्याच घरात किंवा कारखान्यात पाहिली नाही. दोड्डप्पांनी प्रत्येक सेलवर शिंप्याच्या खडूनं नंबर घातलेला असे. एक नंबर सगळ्यांत जुना, चार नंबर सगळ्यांत नवा. आवाज बसायला लागला की चारही सेल बाहेर काढून गच्चीवर, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या शेजारी उन्हात ठेवायचे. तेवढ्यानं दोनतीन दिवस निघत. तरीही आवाज उठेना, तर एक नंबरचा सेल रिटायर. दोन नंबर मग एक नंबर होई, तीनचा दोन, चारचा तीन, आणि शेवटी एक नवा सेल येई. चारही एकदम बदलणं हे दोड्डप्पांच्या मते माजलेपणाचं लक्षण होतं. "ज्यानं इतके दिवस काम केलं त्याला एका दिवशी सगळ्यांबरोबर फेकायचं?" ते विचारत. रिटायर झालेला सेल बॅटरीत जाई, तिथून भिंतीवरच्या घड्याळात, आणि तिथंही तो मेला की आम्ही तो फोडून आतल्या कोळशाच्या कांडीनं भिंतीवर रेघोट्या मारत असू. एवढी सन्मानाची निवृत्ती आमच्या घरात माणसांनाही मिळाली नाही.

आता मी महादेवपुऱ्यात मुलाकडे राहतो. नातीच्या खेळण्यातल्या गाडीला चार सेल लागतात, छोटे. गाडी मंदावली की मुलगा चारही काढून कचऱ्यात टाकतो आणि चार नवे घालतो, फोनवर बोलता बोलता. तो करतो ते बरोबरच आहे. तरी मला दर वेळी उठून कुणाची तरी माफी मागावीशी वाटते.

तर त्या उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा रेडिओ आजारी होता. नवा चार नंबर आला होता, तरी चारपाच दिवसांत आवाज पुन्हा बसला. हळू लावला तर बोले, मोठा केला की बातम्या देणारा माणूस पाण्यात बुडत असल्यासारखा बुडबुडे काढी. दुकानदार म्हणाला, रेडिओ बिघडलाय. दोड्डप्पा म्हणाले, दुकानदार बिघडलाय. दुपारी जेवणाआधी त्यांनी रेडिओ कव्हरासकट माझ्यासमोर ठेवला. अण्णांचं मशीन थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे सुमन.

"हं, बी.एस्सी.," दोड्डप्पा म्हणाले, "याला काय झालंय सांग. वर्षभर काय शिकलास ते कळू दे सगळ्यांना."

मला एकदम आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते. वर्षभर कुणी मला काही विचारलं नव्हतं. आणि नेमका हाच धडा आम्हाला झाला होता. मी उठून उभा राहिलो, बसलेल्यांसमोर, सरांसारखा.

"सेल म्हणजे जस्ताचा डबा," मी सुरू केलं. "त्याच्या मधोमध कोळशाची कांडी, आणि दोघांच्या मध्ये काळा मसाला. जस्ताची आणि मसाल्याची आत सारखी कुरबुर चालू असते. त्या कुरबुरीतून वीज निघते, आणि ती एकाच दिशेनं जाते. घरातल्या बल्बची वीज तशी नाही, ती सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं करते. रेडिओच्या आतल्या भागांना तसलं चालत नाही. त्यांना सरळ, एका बाजूनं येणारी, न डगमगणारी वीज लागते. ती सेलच देतो. एकेका सेलचा जोर दीड व्होल्ट. चार एकापाठी एक लावले की सहा."

"म्हणजे बल्बची वीज सरकारी," दोड्डप्पा म्हणाले. "आज हो म्हणेल, उद्या नाही म्हणेल. आणि सेलची वीज घरची. एका शब्दाची."

"हो, तसंच."

"शाबास. मग घरची का बसली?"

इथं मी थांबायला हवं होतं. आई तर डोळ्यांनी सांगतही होती. पण सरांनी फळ्यावर काढलेली आकृती मला समोर दिसत होती.

"ओळीतला एक सेल फार जुना झाला की त्याचा आतला अडथळा वाढतो," मी म्हणालो. "तो स्वतः काही देत नाही, वर बाकीच्यांचा जोर त्याच्यातूनच जावा लागतो आणि तिथंच वाया जातो. नव्यांचं सगळं तो एकटा खातो. नवा कितीही चांगला आणा, उपयोग नाही. म्हाताऱ्याला ठेवून घेतलं की सगळे लवकर मरतात. आपण इतकी वर्षं हेच चुकीचं करत आलो, दोड्डप्पा."

दोड्डप्पांच्या डोळ्यांत वर्षभरापासून मोतीबिंदू उतरायला लागला होता. कापायचं काम त्यांनी तेव्हापासून हळूहळू अण्णांकडे दिलं होतं, आणि रोज सकाळी कात्रीला धार मात्र तेच लावत होते. हे मला माहीत होतं. पण बोलताना माझ्या डोक्यात सेलच होते, देवाशपथ फक्त सेलच.

"सरी," दोड्डप्पा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

जेवायला नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, होते आणि अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं, सारु, मला आवडतं म्हणून मुद्दाम केलेलं. आईनं दोड्डप्पांच्या ताटात मुद्दा वाढला. त्यांनी तो बोटांनी मधोमध तोडला आणि अर्धा परत तिच्याकडे सरकवला.

"स्वल्पच वाढ, अम्मा. आम्ही जास्त खाल्लं की नव्यांना कमी पडतं."

"अय्यो, भावजी, तो तसं नाही म्हणाला—"

"शास्त्रात आहे. फळ्यावर लिहून देतात त्यांना."

पुढचे दोन दिवस ते अर्ध्या मुद्द्यावर राहिले. कुणी हाक मारली की "या म्हाताऱ्याला विचारून काय उपयोग, अडथळा होतो" म्हणून बाजूला होत. गिऱ्हाईक माप द्यायला आलं, तर भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट द्यायला. आईनं मला मागच्या अंगणात गाठलं. "तुला शिकायला पाठवलं की घर मोडायला?" ती म्हणाली. "आता त्या पोरीचं काय होणार? एकानं शिकून हे केलं, दोघांनी शिकलं तर मला न् अण्णांना गच्चीवर वाळत घालाल." सुमन विहिरीवर कपडे पिळत होती, आणि एकच लुगडं इतका वेळ पिळत होती की त्यात पाण्याचा थेंब उरला नसेल.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी, कुणालाही न विचारता, चार नवे सेल आणले. त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव बंड असावं. सेल टेबलावर ठेवून ते म्हणाले, "व्यंकू, दाखव करून. खरं असेल तर दिसेल. खोटं असेल तर दोड्डप्पांची माफी माग आणि विषय संपव." दोड्डप्पा खुर्चीवर बसले, दोन्ही हात काठीवर, साक्षीदारासारखे. "खरं निघालं तर शिक्षण खरं," ते म्हणाले. "नाही निघालं तर एकाचंच नुकसान झालं म्हणायचं. दुसऱ्याचं वाचलं." म्हणजे सुमनचं सगळं त्या चार सेलांवर येऊन बसलं.

मी खाकी कव्हराची बटणं काढली. जुने सेल काढले, नवे घातले, झाकण लावलं, बटण फिरवलं. रेडिओ मेल्यासारखा गप्प. पुन्हा फिरवलं. खरखरसुद्धा नाही. बिघडलेल्या अवस्थेतही तो निदान बुडबुडे काढायचा. मी त्याला पुरता गार केला होता.

"वा," दोड्डप्पा म्हणाले. "जुने होते तोवर बोलत तरी होता."

मी झाकण उघडून आत बघत राहिलो. सहा व्होल्ट, अंतर्गत रोध, सूत्रं, सगळं आठवत होतं. फक्त समोर काय आहे ते दिसत नव्हतं. तेवढ्यात सुमन दारातून आली, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, तिसरा उलटा आहे. पितळी टोपी खाली हवी."

तिनं दोन बोटांनी सेल उचलला, फिरवला, बसवला. झाकण लावून बटण फिरवलं. आणि जो आवाज आला! किल्ल्याच्या वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. कुणीतरी शेतकऱ्यांना भुईमुगावरच्या किडीविषयी सांगत होतं, आणि इतकं स्वच्छ की आई एकदम पदर सावरून उभी राहिली, जणू ते गृहस्थ खोलीतच आले. मला वर्षभर एक गोष्ट कळली नव्हती ती तेव्हा कळली. दोड्डप्पांना नीट दिसेनासं झाल्यापासून गच्चीवर सेल मांडणं आणि परत बसवणं सुमनच करत होती.

मला वाटलं, सुटलो. पण मी दोड्डप्पांना ओळखत नव्हतो. त्यांनी किडीची माहिती पूर्ण ऐकली, मग हात करून रेडिओ बंद करायला लावला.

"बघा," ते अण्णांना म्हणाले. "जो कॉलेजात गेला त्याला सेल घालता येत नाही. जी नाही गेली तिला येतो. मग हिला पाठवायचं कशाला? आहे ते विसरायला?"

रेडिओ बोलला नसता तर शिक्षण खोटं, आणि बोलला म्हणून शिक्षण नको. पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी खरं बोलतो. एवढा एक दुर्गुण माझ्यात आहे.

"दोड्डप्पा," मी म्हणालो, "मग तुम्ही चुकीचं माणूस पाठवलंत. मला परत बोलवा. मी मशीनवर बसतो. माझ्या जागी हिला पाठवा."

दोड्डप्पांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, कापडाचा दोष शोधतात तसं. "तू? मशीनवर?" ते म्हणाले. "चार सेल सरळ लावता येत नाहीत, तू पोलिसाच्या शर्टाला पायजम्याचा पाय लावशील. पोरा, तुला कॉलेजात ठेवलंय ते दुकान वाचवायला. तिथंच राहा."

अण्णा हसले. आई हसली. मीही हसलो, कारण ते खरं होतं. सुमन हसली नाही. ती टेबलावरचे जुने चार सेल नंबराप्रमाणे ओळीत लावत होती.

"मला तिसरा उलटा आहे एवढंच कळलं, दोड्डप्पा," ती सेलांकडे बघतच म्हणाली. "उलटा का चालत नाही, ते नाही कळलं. वर्षभर मीच घालते. टोपी वर, टोपी खाली. का, ते माहीत नाही. ते बघायला जायचंय मला."

मी लगेच तोंड उघडलं, कारण ते मला येत होतं.

"तू गप्प बस," दोड्डप्पा म्हणाले, माझ्याकडे न बघता. ते तिच्याकडे वळले, किंवा जिथं ती अंधूक दिसत होती तिकडे. मग काठी टेकत उठले. "बघू," म्हणाले, आणि आत गेले. त्या दुपारी त्यांनी पूर्ण मुद्दा खाल्ला, एवढीच काय ती आशा घेऊन मी जयनगरला परतलो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. घरी फोन नव्हता. पत्र अण्णा लिहीत, आणि त्यांच्या पत्रात "सर्व क्षेम" याच्या पलीकडे कधी काही नसे. एकदा घराची भिंत पडली होती त्या आठवड्यातही सर्व क्षेमच होतं. मी रोज कॉलेजातून येताना, सुमनला जिथं जायचं होतं त्या मुलींच्या कॉलेजवरून फेरी मारून यायचो. फाटकावरच्या फळ्यावर नाव घालायच्या शेवटच्या दिवसाची सूचना होती. पहारेकरी माझ्याकडे संशयानं बघायला लागला तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथवरून वाचायला लागलो. गुरुवारी मुदत संपली. फळा पुसून टाकला. सुमन आली असती तर माझ्याकडेच उतरली असती, असं मी धरून चाललो होतो, आणि ती आली नव्हती. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदाच ठरवलं की आपण परत जायचं, मशीनवर बसायचं, पायजम्याचा पाय कुठंही लागो.

शनिवारी देवनहळ्ळीच्या बसनं घरून डबा येई. तो घ्यायला मी बस स्टँडवर जायचो. कंडक्टर मुनियप्पा, आमच्या गल्लीतलाच. त्यानं सीटखालून डबा काढून दिला. मी झाकण उघडून चिठ्ठी शोधली. नुसतं चित्रान्न होतं, लिंबाचा भात. मुनियप्पा माझ्या तोंडाकडे बघत होता. तो जे कन्नडमध्ये बोलला ते मी मराठीत लिहितो.

"काय रे, घरचं काही कळलं नाही तुला? गुरुवारी तुझे दोड्डप्पा माझ्या गाडीनं आले होते की. कोट घालून. उन्हात कोट! बरोबर तुझी बहीण. मला म्हणाले, मुलींचं कॉलेज कुठं आहे ते नीट सांग, मला पाट्या दिसत नाहीत आणि ही लाजते. तुझ्याकडं जाऊ म्हणाली पोरगी, तर म्हणाले, त्याच्याकडं नको, तो समजावून सांगत बसेल आणि ऑफिस बंद होईल. दुपारच्या गाडीनं परत आले दोघं. तिला खिडकीपाशी बसवलं. आणि मी तिकीट द्यायला गेलो, तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं मला म्हणाले, मुनियप्पा, ड्रायव्हरला सांग, खड्डे बघून चालव, गाडीत बी.एस्सी. बसलीय."